अनुसूचित जमातींच्या यादीत नाव लागायचं म्हणजे नेमकं काय? फाईल कुठून निघते, कुठे अडते?

कातळखूण (धागाकर्ती)

दर थोड्या महिन्यांनी बातमी येते : अमुक समाजाला आदिवासी दर्जा द्या, मोर्चा, उपोषण, शिष्टमंडळ, आश्वासन. त्यानंतर त्या कागदाचं काय होतं हे कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. कोण खरा आदिवासी आणि कोण नाही यावरची हमरीतुमरी इथे नको, त्यासाठी धाग्यांची कमी नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट. तीन वेगळ्या भानगडी लोक एकत्र कालवतात.

एक, ज्या समाजाचं नाव यादीत नाहीच, त्याला ते नव्याने घालून हवंय.
दोन, ‘यादीत जे नाव छापलंय ते आमचंच’ असा दावा.
तीन, नाव यादीत आहे, पण एका माणसाला स्वतःचा दाखला आणि वैधता (तो दाखला तपासून खरा ठरल्याचं प्रमाणपत्र) मिळवायची आहे.

तिघांचे दरवाजे वेगळे. पहिल्याचा दरवाजा संसद, तिसऱ्याचा प्रांत कार्यालय आणि तपासणी समिती. दुसऱ्याला वाटतं आपला दरवाजा कोर्टाचा आहे, आणि तिथेच वर्षानुवर्षं वाया जातात. जाणकारांनी आपापल्या भागातलं लिहावं.

टाचणी

पहिल्या दरवाज्याबद्दल लिहितो.

मुळात अनुच्छेद ३४२. पोटकलम (१) नुसार राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून त्या राज्यापुरती यादी जाहीर करतात. तशी पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० ची. महाराष्ट्रात दाखल्यासाठी ‘१९५० पूर्वीचा पुरावा’ मागतात तो याच तारखेमुळे. पोटकलम (२) म्हणतं की त्यानंतर नाव घालणं किंवा काढणं फक्त संसदेच्या कायद्याने. म्हणजे मुख्यमंत्री, राज्य मंत्रिमंडळ, विधानसभेचा एकमुखी ठराव यांपैकी कशानेही नाव लागत नाही. ठराव ही फार तर शिफारस.

प्रत्यक्ष मार्ग ठरलाय तो केंद्राच्या जून १९९९ च्या कार्यपद्धतीने (जून २००२ मध्ये सुधारित) :

राज्य सरकार अभ्यास अहवालासह शिफारस पाठवतं → केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालय → भारताचे महानिबंधक, म्हणजे जनगणनावाले → राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग → केंद्रीय मंत्रिमंडळ → विधेयक, दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची सही, राजपत्र.

यात खरी गाळणी महानिबंधकांची. त्यांनी ‘नाही’ म्हटलं की फाईल राज्याकडे परत : फेरविचार करा, आणखी समर्थन द्या. राज्याने पुन्हा पाठवली आणि महानिबंधक दुसऱ्यांदाही राजी झाले नाहीत, तर केंद्र प्रस्ताव फेटाळू शकतं. आयोगाकडे ती पोचतच नाही.

आणि कालमर्यादा कुठल्याच टप्प्याला नाही. राज्याने परत आलेल्या फाईलवर दहा वर्षं बसून राहिलं तरी नियम मोडत नाही.

हिरडा_बेहडा

टाचणी यांनी मार्ग सांगितला, मी गाळणीची जाळी सांगते.

महानिबंधक आजही १९६५ च्या लोकूर समितीचे पाच निकष लावतात : आदिम वैशिष्ट्यांच्या खुणा, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतर समाजाशी मिसळण्यात बुजरेपणा, मागासलेपण. हे निकष राज्यघटनेत कुठेही लिहिलेले नाहीत. भाषाही साहेबी थाटाची आहे. मोटारसायकल आणि मोबाईल असलेल्या पाड्यातल्या माणसाने आपण ‘बुजरे’ आहोत हे सिद्ध कसं करायचं, हे मला तरी कळलेलं नाही. २०१४ मध्ये केंद्राच्याच कार्यदलाने ते बदलायला सुचवलं होतं. बदलले नाहीत. तेव्हा अहवाल याच पाच खणांत बसवावा लागतो.

अहवाल पडतात त्याची कारणं ठरलेली असतात.

बहुतेक अहवालांत गरिबीची आकडेवारी चाळीस पानं आणि संस्कृती दोन पानं असते. मागासलेपण हा पाचातला एकच निकष आहे. नुसतं दारिद्र्य दाखवलं तर शेरा येतो : हा मागासवर्ग असेल, जमात कशावरून?

दुसरं, आकडा फुगवण्याचा मोह. समाज मोठा दिसावा म्हणून ‘राज्याच्या सर्व जिल्ह्यांत वस्ती’ असं लिहितात आणि पुढच्याच प्रकरणात भौगोलिक अलगपणा सांगतात. दोन्ही एका वेळी खरं कसं असेल? तालुका, गाव, वाडीवार वस्तीची यादी आणि नकाशा द्यावा. वस्ती मर्यादित असेल तर मागणीही तेवढ्या भागापुरती करावी. कर्नाटकातल्या सिद्दींचं असंच झालं. आधी फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरती नोंद, मग २०२० च्या दुरुस्तीने बेळगाव आणि धारवाड.

तिसरं म्हणजे सरकारी कागदच एकमेकांच्या विरोधात असतात. त्याच राज्याच्या मागासवर्ग आयोगाने पूर्वी त्याच समाजाला ‘व्यवसायावरून पडलेली जात’ म्हणून इतर मागासवर्गात घातलेलं असतं. नवा अहवाल त्याचा उल्लेखच टाळतो आणि महानिबंधक नेमकं तेच पान काढून दाखवतात. जुना निष्कर्ष कुठल्या पाहणीवर होता, तेव्हा कुठल्या वस्त्या पाहिल्याच नव्हत्या, हे अहवालात आपणहून मांडलेलं बरं.

चौथं, नाव. प्रदेशाचं नाव, व्यवसायाचं नाव आणि जमातीचं नाव वेगवेगळं ठेवा. हिमाचलच्या सिरमौरमधल्या गिरिपारच्या हाटी समाजाची मागणी याच मुद्द्यावर अनेक वर्षं अडली, कारण त्या नावाखाली अनेक जाती येतात. नदीपलीकडच्या जौनसार बावरला १९६७ मध्येच दर्जा मिळालेला. हाटींचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये हिमाचल उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. विधेयक मंजूर झालं की गुलाल उधळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अहवालात काय हवं : कुळी आणि देवकं, सोयरीक कुणाशी होते आणि कुणाशी होत नाही, जन्म-लग्न-मयताचे विधी कोण करतं (बाहेरचा भटजी की जमातीतलाच माणूस, हा प्रश्न हमखास येतो), देव आणि त्यांची ठाणी, जात पंचायत, बोलीचे नमुने, जमिनीची मालकी. जुन्या नोंदींत १९३१ पर्यंतच्या जनगणनेचे अहवाल आणि गॅझेटियर. सगळ्या जातींची मोजदाद झालेली ती शेवटची जनगणना, म्हणून तिला वजन.

वर्धाकाठ

दुसऱ्या दरवाज्याला विदर्भाइतकं कुणी धडकलं नसेल. दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, सगळं उलगडतं.

महाराष्ट्राच्या यादीत १८ क्रमांकाची नोंद गोंडांची. एकाच नोंदीत पन्नासच्या आसपास नावं, स्वल्पविराम देत देत : गोंड, राजगोंड, … गोंड गोवारी, … मारिया, माना, मन्नेवार, … वाडे मारिया.

माना समाजाला सरकार सांगत होतं की तुम्ही गोंडांची पोटजमात असाल तरच दाखला, गोंडांशी नातं दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं, माना ही नोंदीतली स्वतंत्र जमात आहे, गोंडांशी साम्य दाखवायची गरज नाही. नाव दोन स्वल्पविरामांच्या मध्ये एकटं उभं आहे, विषय संपला.

गोवारींचं म्हणणं, नोंदीतलं ‘गोंड गोवारी’ म्हणजे आम्हीच, त्या नावाची दुसरी जमात अस्तित्वातच नाही. १९८५ च्या शासन निर्णयाने त्यांना बाहेर ठेवलं. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले, त्यांत बायका-मुलं मोठ्या संख्येने होती. नंतर विशेष मागास प्रवर्गात नाव आलं, जमातींच्या यादीत नाही. १४ ऑगस्ट २०१८ ला नागपूर खंडपीठाने त्यांची बाजू मान्य केली : गोंड गोवारी नावाची जमात १९११ च्या आधीच नामशेष झालेली, तेव्हा नोंदीतलं नाव गोवारींचंच. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. ‘गोंड गोवारी’ लिहिलंय तर ‘गोवारी’ वाचता येणार नाही, आणि नोंदीतली जमात शिल्लक आहे की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही. मधल्या दोन वर्षांत घेतलेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या शाबूत ठेवल्या.

हे काही नवं नव्हतं. २८ नोव्हेंबर २००० च्या मिलिंद प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने हलबा-कोष्टींबाबत हेच ठरवलं होतं : यादी आहे तशी वाचायची, ‘हलबा’त ‘हलबा-कोष्टी’ येतात का याचा पुरावा घ्यायचाच नाही. धनगर-धनगडच्या याचिका (यादीतला ‘धनगड’ म्हणजे आम्हीच, हा धनगरांचा दावा) फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पडल्या त्या याच भिंतीला आपटून.

सांगायचं ते इतकंच, की नाव जसंच्या तसं छापलेलं नसेल तर वकिलावर खर्च करण्याआधी कातळखूण यांचा पहिला दरवाजा बघा.

बिनपाण्याची

@वर्धाकाठ, मग नुसता छपाईचा, उच्चाराचा फरक असेल तर? इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरी करताना हमखास गोंधळ होतो. त्यालाही संसद?

टाचणी

हो, त्यालाही संसद. छत्तीसगडमध्ये यादीत ‘भारिया भूमिया’ होतं आणि लोकांच्या महसुली कागदांवर भुईंया, भुईयाँ, भूयां. तेवढ्यावरून दाखले अडत. २०२३ मध्ये कायदा करून ते पर्याय यादीत घातले तेव्हा सुटलं. जिल्हाधिकाऱ्याने परिपत्रक काढून भागत नाही.

मात्र अशी मागणी नव्या जमातीच्या मागणीपेक्षा हलकी असते. जमात आधीच मान्य आहे, फक्त समानार्थी नाव जोडायचंय. त्यात पाच निकषांपेक्षा महत्त्वाचं हे, की दोन्ही नावांच्या घरांत बेटी व्यवहार आहे आणि एकाच कुटुंबाच्या कागदांवर दोन्ही नावं सापडतात. अशा पंचवीस-तीस कुटुंबांच्या वंशावळी कागदपत्रांसह जोडल्या तर अहवाल भक्कम होतो.

खाजन

गोव्याचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

गोवा, दमण, दीवसाठी १९६८ मध्ये आदेश निघाला, त्यात पाच नावं : धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली. यातले बहुतेक लोक दमणकडचे. गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप बाहेरच. परिणाम २००१ च्या जनगणनेत दिसतो. अख्ख्या गोव्यात अनुसूचित जमातीचे लोक ५६६. जानेवारी २००३ मध्ये दुरुस्ती कायद्याने तिन्ही समाज यादीत आले आणि २०११ ला आकडा झाला १,४९,२७५, लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडा जास्त. माणसं तीच, गावं तीच.

पण गोम पुढे आहे. मतदारसंघांची फेररचना २००८ मध्ये झाली ती २००१ च्या आकड्यांवर. ५६६ लोकांना जागा कुठून मिळणार? त्यामुळे ४० जणांच्या विधानसभेत जमातींसाठी एकही राखीव जागा नाही. त्यासाठी वेगळा लढा, वेगळं विधेयक, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कुठे संसदेची मंजुरी. २५ मे २०११ च्या बाळ्ळीच्या आंदोलनात दोन तरुण कार्यकर्त्यांचा जीव गेला, तेही यादीत नाव घालण्यासाठी नव्हतं. नाव लागून आठ वर्षं झाली होती, अंमलबजावणी होत नव्हती म्हणून ते आंदोलन.

चौथा समाज, गवळी-धनगर, २००३ ला मागे राहिला तो अजून मागेच आहे. नोकरीतल्या आरक्षणापेक्षा त्यांना जास्त झळ बसते ती वनहक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. यादीत नसलेल्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. रानात गुरं घेऊन फिरणाऱ्या आणि खोपट हलवत राहणाऱ्या माणसाने १९३० चा कागद आणायचा कुठून? तोही पोर्तुगीज अमदानीतला.

डोंगरयात्री

दुसरी बाजूही मांडतो, कारण ती धाग्यात आलेली नाही.

यादीतल्या जमाती नव्या नावांना विरोध करतात तेव्हा त्याला नुसता मत्सर म्हणून सोडून देता येत नाही. २०११ ला महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या १,०५,१०,२१३, म्हणजे ९.३५ टक्के, नोकऱ्यांतलं आरक्षण ७ टक्के, विधानसभेच्या राखीव जागा २५. मोठा, तुलनेने शिकलेला समाज आत आला की ही भाकरी वाढत नाही, वाटेकरी वाढतात. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या विशेष असुरक्षित गटांच्या वाट्याला आधीच चतकोर येतं.

त्यात बनावट दाखल्यांचा इतिहास. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा अवैध ठरल्यास नोकरी, पदवी काहीच टिकणार नाही असं सांगितलं. तरी राज्याने २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांच्या अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्त जादा) पदांवर सांभाळून घेतलं. मग यादीतल्या माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर?

हिरडा_बेहडा

मुद्दा रास्त आहे, पण त्यावरचा उपाय यादी गोठवणं हा नाही. यादीत समाज घालताना टक्केवारी वाढवणं किंवा आतल्या आत वेगळा वाटा ठेवणं, हे प्रस्तावातच मागता येतं. शिफारस पाठवताना राज्य सरकारं हा विषय मुद्दाम मोघम ठेवतात. मोर्चेकऱ्यांना खूश करायचं असतं आणि आधीच्यांना दुखवायचं नसतं.

बोरूबहाद्दर

तिसऱ्या दरवाज्याबद्दल. आडनाव बघून काही ठरत नाही, एवढं आधी.

दाखला प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी देतात, आणि तोही ६ सप्टेंबर १९५० ला पूर्वज जिथे राहत होते तिथल्या कार्यालयातून. वैधता अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती देते. २००१ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्यात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची आहे (कलम ८), समितीची नाही.

कागद गोळा करायचा क्रम असा ठेवा : आधी वंशावळ, आजोबा-पणजोबापर्यंत, चुलत्यांसकट. मग प्रत्येक नावापुढे सापडणारा सगळ्यात जुना कागद. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा (नुसता शाळा सोडल्याचा दाखला नको, मूळ रजिस्टरचा उतारा), गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने महसुली उतारे. मोडीत असेल तर अधिकृत लिप्यंतर. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असेल तर ती वर ठेवा.

अडतं कुठे? ‘हिंदू कोळी’ किंवा नुसतं ‘कोळी’ अशी नोंद, आणि दावा महादेव कोळी किंवा टोकरे कोळीचा. किंवा रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात मागून घुसडलेला शब्द : शाई वेगळी, अक्षर वेगळं, रेघेबाहेर गेलेलं. दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतं, छायाप्रतीवर ते दिसत नाही म्हणून सुटका नाही. एका नातेवाइकाची खाडाखोड सापडली की अख्ख्या वंशावळीवर सावली पडते. म्हणून शंकास्पद कागद जोडूच नका.

१९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून आप्तभाव चाचणी आली, म्हणजे चालीरीती, देव, बोली यांवरचे प्रश्न. शहरात वाढलेल्या तिसऱ्या पिढीतल्या मुलीला कणसरीची पूजा कशी करतात विचारायचं आणि सांगता आलं नाही म्हणून अवैध ठरवायचं, असे प्रकार भरपूर झाले. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही चाचणी अंतिम कसोटी नाही. जुने कागद समाधानकारक असतील तर समितीने प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवलंच पाहिजे असंही नाही. अवैधतेचा आदेश फक्त आप्तभावावर बेतलेला असेल तर उच्च न्यायालयात रिट करताना हा निकाल पहिला लावा.

आणि राज्य बदललं की दर्जा सोबत जात नाही. सिंधुदुर्गातला ठाकर पेडण्यात स्थायिक झाला तर गोव्याच्या यादीत ठाकर नाही. नोकरीसाठी तिथे तो अनुसूचित जमातीचा धरला जात नाही.

बिनपाण्याची

आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत? कातकरी वीटभट्टीवर जन्मतो, आजोबा कोळसाभट्टीवर मेलेला. कुठलं रजिस्टर?

बोरूबहाद्दर

तिथे वाडीवर जाऊन केलेली चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब आणि तलाठी-ग्रामसेवकांचा पंचनामा यांवर दाखला देता येतो. शिबिरं घेतली की एका दिवसात वाडीच्या वाडी निकाली निघते, हे रायगड-ठाण्यात झालेलं आहे. खोळंबा दाखल्यापेक्षा वैधतेच्या टप्प्यावर होतो, कारण समिती १९५० पूर्वीचं काहीतरी मागते. जुन्या जनगणनेत गावनिहाय जमातींच्या नोंदी, जंगल खात्याचे जुने कागद, मालकाच्या खातेवहीतल्या उचलीच्या नोंदी, जे मिळेल ते जोडायचं.

कातळखूण (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत घालण्याजोगा झाला. शेवटचा प्रश्न. ज्यांची फाईल वर्षानुवर्षं ‘केंद्राकडे प्रलंबित’ आहे, त्यांनी ती नेमकी कुणाच्या टेबलावर आहे हे शोधायचं कसं?

टाचणी

माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवस. केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज. ‘आमच्या प्रस्तावाचं काय झालं’ असं विचारू नका, ‘विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर येतं. असं मागा : राज्याचा प्रस्ताव मिळाल्याची तारीख व आवक क्रमांक, महानिबंधकांकडे पाठवल्याचं पत्र, महानिबंधकांच्या अभिप्रायाची प्रत, तो राज्याला कळवल्याचं पत्र, राज्याचं उत्तर आणि त्याची तारीख. प्रत्येकाची प्रमाणित प्रत. मंत्रिमंडळासमोरची टिपणी कलम ८ दाखवून नाकारतील, पण त्याआधीचे हे कागद बहुतेक वेळा मिळतात.

त्याच दिवशी दुसरा अर्ज राज्याच्या आदिवासी विकास विभागाला, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला तिसरा. तिन्ही उत्तरं तारखेनुसार एका कागदावर मांडा. केंद्राच्या उत्तरात ‘राज्याचा खुलासा अप्राप्त’ असं निघालं तर दिल्लीत जंतरमंतरवर बसून उपयोग नाही. मोर्चा मुंबईत मंत्रालयावर न्या, आणि निवेदनात त्या पत्राचा जावक क्रमांक घाला.